फुटाला एक सूत

भैरू मिस्त्रीनं पट्टी माझ्या बाकावर ठेवली नाही, टाकली. दोन फुटी पितळी पट्टी लाकडावरून खणखणत घसरली आणि माझ्या पोटाला येऊन लागली.

"ही घे. हिच्यावरच काम करायचं. घरची पट्टी, बाची पट्टी, काय आसंल ते घरी ठेवायचं. शॉपमधी चालायचं न्हाई."

"बरं."

"बरं न्हाई. व्हय मिस्त्री म्हनायचं."

"व्हय मिस्त्री."

शेजारच्या बाकावर त्याचा भाचा श्रीपती उभा होता. त्याच्या हातात दुसरी पट्टी मिस्त्रीनं नीट दिली, वर खांद्यावर थाप मारली. दोन्ही पट्ट्यांच्या टोकाला बोटभर लाल रंग लावलेला होता.

"लाल टोक कशासाठी आस्तंय, ठावं हाय का तुला? का कोअरची वाळूच मळत बसलीयास वरीसभर?"

"आटाची पट्टी," मी म्हणाले.

"बानं शिकिवलं वाटतं."

"व्हय मिस्त्री."

तो हसला. भैरू मिस्त्री हसला की समोरच्यानं सावध व्हावं, एवढं कोअर खात्यातल्या बायकांनाही माहीत होतं.

हे सदुसष्ट सालातलं, दसऱ्याच्या आधीचं. कोयनेचा भूकंप व्हायला दोन महिने होते. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत माझे वडील, आबा, बावीस वर्षं पॅटर्न करत होते, म्हणजे बिडाचा नग ओतायच्या आधी त्याचा लाकडी साचा. सगळे त्यांना धोंडी मिस्त्री म्हणत. भैरू मिस्त्री त्यांच्या हाताखाली वाढला. आबा गेल्यावर त्यांचा बाक, त्यांचा पगार आणि त्यांचा मान त्याच्याकडे गेला. मला मालकांनी कोअर खात्यात घेतलं.

मी मॅट्रिक झाले होते, सत्तेचाळीस टक्के. वर्गातल्या दोघी कॉलेजात गेल्या, चौघींची लग्नं झाली, एक मिरजेला नर्सिंगला गेली. कॉलेजला पैसे नव्हते आमच्याकडे, हे खरंच. पण खोटं कशाला बोलू, माझं मनही नव्हतं तिकडे. मला लाकडाचा नाद होता. लहानपणी आबांचा डबा घेऊन जायची आणि दिवस मावळेपर्यंत त्यांच्या बाकाखाली भुशात बसायची. आई म्हणायची, "मिस्त्रीची पोरगी मिस्त्री हुत न्हाई अनसा. मिस्त्रीची बायकू हुती." आणि मग कोअर. पोकळ नगाच्या आतली जागा राखायला वाळूचे गोळे करायचे, तेल आणि उसाची मळी घालून मळायचे, भट्टीत भाजायचे. माझ्या शेजारी बसणाऱ्या फुलाक्कानं हे काम एकोणीस वर्षं केलं होतं. तिच्या बोटांची पेरं सरळ होत नसत. भाकरी मोडताना तिला दुसऱ्या हातानं बोटं दाबून धरावी लागत. मी तिच्या बोटांकडे बघायची आणि माझी मोजायची.

एकदा मालक खात्यातून चालले होते. मी उठून म्हणाले, "मालक, ह्यो कोअरचा डबा झिजलाय. सूतभर मोठा झालाय." त्यांनी मोजला. सूतभरच होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"पट्टीनं मोजलास?"

"डोळ्यानं."

"धोंडीचा डोळा आला की गं तुला," ते म्हणाले आणि तिथंच उभं राहून विचारात पडले. पॅटर्न शॉपमध्ये एक उमेदवार हवाच होता.

भैरू मिस्त्रीनं टोपी काढून मालकांच्या टेबलावर ठेवली. "बाई रंध्याला हात लावनार आसंल तर मी चाललो." त्याला ती जागा श्रीपतीसाठी हवी होती. श्रीपती त्याच्या बहिणीचा मुलगा, मॅट्रिकला दोनदा आपटलेला, बाप नसलेला, एकोणीस वर्षांचा.

मालक पक्के धंदेवाले. त्यांनी टोपी उचलून मिस्त्रीच्या हातात दिली. "भैरू, दोघांस्नी एकच नग दे. पंपाची बैठक. पाच दिवस. साचं माझ्या हापिसात आनून द्यायचं, तू हात लावायचा न्हाईस. बीड ओतू. जेचा नग चार बोल्टांवर बसंल, त्यो ऱ्हाईल."

"आनि दोघांचंबी बसलं तर?"

"तर तुझा भाचा. तुझा मान ठेवतो. मग ही परत कोअरला. पुन्यांदा ह्यो विषय न्हाई."

हे मालक माझ्यासमोर बोलले. म्हणजे मला नुसतं बरोबर येऊन भागणार नव्हतं.

तर त्या पहिल्या दिवशी, सोमवारी, पट्टी पोटाला लागली तिथून पाच दिवस सुरू झाले.

आटाच्या पट्टीचं इथंच सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी सात वर्षांची असताना आबांना विचारलं होतं, तुमच्या पट्टीवरचा फूट शाळेच्या पट्टीपेक्षा मोठा का? ते म्हणाले, "दूध तापल्यावर वर येतंय, निवल्यावर खाली बसतंय. बिडाचंबी तसंच. ओततो तवा फुगल्यालं आस्तंय, निवताना आटतंय. फुटाला एक सूत. म्हनून आपली पट्टीच फुटाला एक सूत लांब. साचा मोठा करायचा, मंग नग बरोबर उतरतो." शॉपमध्ये साध्या पट्ट्याही असायच्या. त्या दिसायला अगदी सारख्या, टोकापासून टोकापर्यंत तेवढ्याच कापलेल्या, फरक फक्त वरच्या रेघांत. म्हणून आटाच्या पट्टीला लाल टोक. लाल टोक दिसलं की कुणी दुसऱ्यांदा बघत नसे.

आबा बघायचे. नवीन पट्टी हातात आली की आपल्या जुन्या पट्टीला लावून ताडायचे, मगच बाकावर ठेवायचे. "पट्टीवर इस्वास ठेवायचा न्हाई, अनसा. पट्टीबी कुनीतरी मानसानंच केल्याली आस्ती."

त्यांची पट्टी माझ्याकडे होती. मिस्त्री काय म्हणणार हे ठाऊक असूनही मी ती आणली होती, भाकरीच्या फडक्यात गुंडाळून.

दुपारी भोंगा झाला. मिस्त्री आणि श्रीपती बाहेर चिंचेखाली डबा खायला गेले. मला तिथं कुणी बोलावलं नाही आणि मी गेलेही नसते. शॉपमध्ये मी एकटी. सागवानी फळीवर अजून एक रेघसुद्धा मारली नव्हती. फडकं सोडलं, भाकरी बाजूला ठेवली, दोन्ही पट्ट्या एकमेकींना लावल्या.

शून्याला रेघेला रेघ. फुटाशी एक सूत कमी. दोन फुटांशी दोन सूत.

पुन्हा लावली. उलटी करून लावली. मग लाल टोकावर नख घासलं. रंग नखाखाली मऊ लागला. ताजा होता.

मिस्त्रीनं साध्या पट्टीला लाल रंग लावून मला दिली होती. त्या पट्टीवर केलेला साचा डोळ्याला देखणा दिसला असता, मोजायला बरोबर आला असता, आणि ओतल्यावर पाव इंच कमी पडला असता. सगळ्यांसमोर. मग धोंडी मिस्त्रीच्या पोरीनं पुन्हा कधी तोंड वर करायला नको.

मी आबांची पट्टी परत फडक्यात गुंडाळली. बाहेरून त्या दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. भाकरी मात्र मी त्या दिवशी खाल्ली नाही.

भोंगा झाला. श्रीपती तोंड पुसत आत आला. बाकावरची पट्टी उचलली, टोकदार कोचणी घेतली आणि पट्टीच्या पाठीवर टोकरत बसला.

"काय करतोस?" मिस्त्रीनं विचारलं.

"खून करतोय मामा. 'श्री' काढतोय. ह्या बायाबापड्यांचा काय भरवसा? माझी पट्टी उचलून न्हेतील."

"शाना हाईस," मिस्त्री म्हणाला आणि माझ्याकडे बघून पुन्हा हसला.

पुढचे चार दिवस माझ्यावर सगळ्या बाजूंनी धोंडे पडत होते. सकाळी शॉपमध्ये शिरले की मिस्त्री मोठ्यानं म्हणायचा, "आली मिस्त्रीनबाई. रंध्याला हळदीकुंकू लावा रं." मी रंधा मारायला लागले की तो ओतशाळेतल्या मोल्डरांना बोलवायचा. "बघा, बघा, पोळपाट घासल्यागत घासतीया." ते दारात उभे राहून बघत. कोअर खात्यासमोरून जावं तर फुलाक्कासुद्धा तोंड फिरवायची. "आमच्यात बसून आमचीच लाज वाटाय लागली व्हय गं तुला?" घरी आई बोलायचीच बंद झाली होती. तिनं गडहिंग्लजच्या एका माणसाला शब्द देऊन ठेवला होता, पहिली बायको गेलेला, किराणा दुकान असलेला. मी परत कोअरला गेले की ते ठरणार होतं.

हत्यारं मिस्त्रीनं मला मुद्दाम बोथट दिली. पटाशी तर अशी की तिनं लोणी कापलं नसतं. मी ती दगडावर घासायला गेले तर दगड कपाटात कुलूपबंद. बुधवारी बोल्टाच्या भोकाभोवती जो उठाव ठेवतात, तिथं सागवानाला उलटी रेघ आली आणि पटाशी घसरून माझ्या अंगठ्यात शिरली. रक्त साच्यावर सांडू नये म्हणून मी हात वर धरून उभी राहिले.

मिस्त्री लांबूनच म्हणाला, "रगात पुसून घे. देवाला बोकड कापल्याला न्हाई आपन."

तो बाहेर गेला तेव्हा श्रीपती माझ्या बाकाशी आला. हातात त्याची पटाशी, आरशासारखी पाजळलेली.

"घे. पटकन. मामा याच्या आत दे परत."

मी घेतली नाही.

"घे की खुळे. भोकांचं झालंय माझं. माझा साचा बसतोयच, मग तुझा बसला काय आन् न बसला काय, जागा मलाच. निदान बोटं तरी शाबूत घिऊन जा कोअरला."

हे तो टोमणा मारल्यासारखं बोलला, पण पटाशी पुढे धरलेलीच होती. मी घेतली. त्या पटाशीनं मी चारही उठाव साफ केले. परत देताना मला त्याच्याकडे बघवलं नाही. तो म्हणाला, "उपकार झालं म्हनायचं आस्तंय." मी तेही म्हटलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही साचे मालकांच्या हापिसात गेले. मंगळवारी बीड ओतलं. बुधवारी सकाळी नग फोडून काढले, वाळू झाडली. जुन्या पंपाचे चार बोल्ट एका लाकडी चौकटीत उभे पक्के केलेले होते. अख्खी फौंड्री गोळा झाली. कोअरच्या बायका मागे भिंतीला लागून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, हत्यारांची पूजा. जो राहील त्याचं हत्यार उद्या पूजेत मांडायचं, असं मालकांनी जाहीर केलं.

मिस्त्री म्हणाला, "आधी बाईचा."

दोघा हमालांनी माझा नग उचलून चौकटीवर आणला. मी आबांच्या नावानं डोळे मिटले नाहीत, उघडे ठेवले. मला मिस्त्रीचं तोंड बघायचं होतं.

चारही बोल्ट भोकांतून वर आले आणि नग दण्णकन लाकडावर बसला.

मिस्त्री पुढे झाला, खाली वाकला, एकेका बोल्टाभोवती बोट फिरवलं. उठला तेव्हा त्याची मान लाल झाली होती.

"बसला," मालक म्हणाले. "आता श्रीपतीचा."

श्रीपती शर्टाच्या बाह्या सारत पुढे आला. हमालांना म्हणाला, "सरका, मीच धरतो एका अंगानं." नग खाली आला. अलीकडचे दोन बोल्ट वर आले. पलीकडचे आले नाहीत. नग तिरका राहिला. त्यानं दाबला. वर चढून उभा राहिला. हातोडीनं ठोकला. मागून कुणीतरी हसलं.

मालकांनी मोजलं. "दोन सूत कमी."

"आसं हुयाचं न्हाई मालक!" श्रीपती ओरडला. "चार डाव मोजलंय. पट्टीवर बरोबर हाय. माझी पट्टी हाय, खून केल्याली. थांबा, साच्यावर लावून दावतो."

तो पळत जाऊन पट्टी घेऊन आला. साचा तिथंच मालकांच्या पायाशी होता. तो वाकून पट्टी लावणार, तेवढ्यात मिस्त्रीनं ती त्याच्या हातातून घेतली.

"दे हिकडं."

मिस्त्रीनं पट्टी डोळ्यांजवळ धरली. उलटी केली. पाठीवरचं 'श्री' बघितलं. पुन्हा सुलटी केली आणि अंगठ्याचं नख रेघांवरून सरकवत नेलं. बावीस वर्षं आबांच्या शेजारी काढलेला माणूस तो, त्याला दुसऱ्या पट्टीची गरज नव्हती. त्यानं मान वर केली आणि इतक्या माणसांतून थेट माझ्याकडे बघितलं.

मीही बघितलं.

"लावा की मामा साच्यावर," श्रीपती म्हणत होता. "मालकांस्नी दावा. बरोबर हाय न्हवं पट्टी?"

पट्टी खोटी आहे, एवढंच मिस्त्रीनं म्हणायचं होतं. मालकांनी लगेच विचारलं असतं, खोट्या पट्टीला लाल रंग कुणी लावला? शॉपमध्ये रंगाचा डबा एकाच माणसाच्या कुलपात असायचा.

"पट्टी बरोबर हाय," मिस्त्री म्हणाला. "तुझा डोळा वाकडा हाय."

"मामा..."

"कशाला मोजतोस आता? वतल्यालं समोर दिसतंय. हातात कसबच न्हाई तुझ्या. ल्हानपनापास्नं म्हनतोय तुझ्या आईला." त्यानं पट्टी कमरेला खोचली आणि माणसांतून वाट काढत निघून गेला.

श्रीपती नगाजवळ उकिडवा बसला. भोकात बोट घालून बघत होता, काढत होता, पुन्हा घालत होता.

दुपारी मी शॉपमध्ये गेले. आता तो बाक माझा होता. मिस्त्री दार लावून घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"कवा बदललीस?"

"सोमवारी. तुम्ही चिंचंखाली जेवत होता तवा."

"नाव सांगू मालकाला?"

"सांगा. लाल रंग कुणाचा तेबी सांगा."

"त्या पोरानं तुझं काय वाईट केलं हुतं गं?"

"काय न्हाई."

"मग?"

उत्तर त्यालाही माहीत होतं. माझ्या हातात दुसरे मार्ग होते. फडक्यात आबांची पट्टी होती. तीही नसती तरी खोट्या पट्टीवर फुटामागे एक सूत वाढवून धरायला मला येत होतं. श्रीपतीची खरी पट्टी त्याच्या बाकावर राहू देऊन मी माझा साचा बिनचूक केला असता. मग दोघांचेही नग बोल्टांवर बसले असते, आणि मी फुलाक्काशेजारी वाळू मळायला गेले असते. जेवणाच्या त्या अर्ध्या तासात मी एवढाच हिशेब केला आणि दोन पावलं चालून पट्ट्या बदलल्या. बुधवारी त्यानं पटाशी दिली तेव्हाही पट्ट्या परत बदलता आल्या असत्या. त्याचा निम्मा साचा व्हायचा होता. भोकं झाली होती, पण उठाव सरकवता आले असते. मी पटाशी परत दिली आणि गप्प बसले.

"तुझ्या बानं आसलं केलं नसतं," मिस्त्री म्हणाला.

"म्हनूनच बावीस वर्सांनी त्याचा बाक तुमाला मिळाला."

दुसऱ्या दिवशी पूजेत मी आबांची पट्टी मांडली. ती मिस्त्रीनं उचलून रांगेच्या शेवटाला नेऊन ठेवली, चपलांजवळ. आणि पूजेनंतर माझ्या बाकावर आले तर वर भिंतीला नवा खिळा मारलेला, त्याला ती दुसरी पट्टी टांगलेली. लाल टोक खाली, 'श्री' माझ्याकडे.

अकरा वर्षं ती तिथं होती. त्यानं काढली नाही, मीही काढली नाही. त्या अकरा वर्षांत मिस्त्री माझ्याशी कामापुरतंही धड बोलला नाही. शिकवायचं त्याच्या मनात कधीच नव्हतं. मी त्याच्या हाताकडे बघून चोरून शिकले. रिटायर झाला त्या दिवशी सगळ्यांना पेढा दिला, माझ्या बाकावरून पुढे गेला. मी त्या संध्याकाळी पट्टी खिळ्यावरून काढून पिशवीत टाकली. गडहिंग्लजचं लग्न झालं नाही. पुढे दुसरं झालं, त्याची कथा वेगळी. चौऱ्याऐंशी साली मी स्वतःचं शॉप टाकलं.

श्रीपतीला मी नंतर दोन-तीनदा लांबून बघितलं होतं. मिस्त्रीनं त्याला भट्टीवर ओताईला लावला, तिथं पायावर बीड सांडलं. मग दूध संघाच्या गाडीवर कॅन चढवायचा. समोरून येताना दिसला की मी रस्ता ओलांडायची.

त्र्याण्णव साली तो माझ्या शॉपच्या दारात येऊन उभा राहिला. पाय ओढत. केस पांढरे, अंगात दूध संघाचा खाकी शर्ट. मागे एक उंच, काटक मुलगी.

"वळखलासा का, आक्का? शिरपती. भैरू मिस्त्रीचा भाचा."

"या," मी म्हणाले.

"ही माझी पोरगी, वनिता. बारावी झाली. कॉलेजला जात न्हाई म्हनती. काम्पुटरचा क्लास लावतो म्हटलं, नको. शिवनाचा लावतो म्हटलं, नको. घरात फळकुटं तासत बसती. मी म्हटलं, लाकडातलं पुरं कोल्हापुरात एकच मानूस हाय." तो ओशाळं हसला. "बघा हिच्या हातात काय हाय का. माझ्या न्हवतं."

"तुझ्या..."

"न्हवतंच. मामा म्हनायचा ते खरं. डोळाच वाकडा. मी चार डाव मोजलं हुतं आक्का, आजूनबी सपनात मोजतोय. पर नग काय खोटं बोलतोय व्हय? त्या दिसापास्नं पटाशीला हात लावला न्हाई. घरातला पाट मोडला तरी सुताराकडं न्हेतो."

मुलगी बाकावरचा रंधा बघत होती. हात लावत नव्हती, नुसती बोटं त्याच्या आकाराची करून बघत होती.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला धडा एकच द्यायची. खरी पट्टी आणि खोटी पट्टी शेजारी शेजारी लावून दाखवायची. त्यासाठी खणात दोन पट्ट्या ठेवलेल्या होत्या. त्या दिवशी मी म्हणू शकले असते, उद्यापासून ये. खण बंदच राहू दिला असता. साठीला यायला मला अजून बरीच वर्षं होती, पण त्या क्षणी फार दमल्यासारखं झालं. मी खण उघडला. आबांची पट्टी बाकावर ठेवली. तिच्या शेजारी लाल टोकाची दुसरी.

"वनिता, हिकडं ये. ह्या दोन पट्ट्या. शून्याला शून्य लाव. आता फुटाशी बघ. काय दिसतंय?"

ती वाकली. "ही आखूड पडतीया. थोडीशी."

"किती?"

"सूतभर आसंल."

"आनि दोन फुटांशी?"

"दोन सूत."

श्रीपती पोरीच्या खांद्यावरून कौतुकानं बघत होता. मग त्याचं कौतुक जागच्या जागी थांबलं. त्यानं हात पुढे करून आखूड पट्टी उचलली. लाल टोक बघितलं. उलटी केली. कोचणीनं टोकरलेलं 'श्री' पितळात काळं पडलं होतं. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"ही माझ्या बाकावर कुनी ठेवली हुती?"

"मी."

"मामाला म्हाईत हुतं?"

"त्यानं ती मला दिली होती. तुझ्याकडे आल्याचं त्याला कळलं ते त्या दिवशी, तुझ्या हातातनं घेतली तेव्हा."

"आनि तरीबी..." पट्टी साच्यावर लावतात तशी त्यानं ती बाकाच्या कडेला लावली आणि एक डोळा मिटून बघितलं. बराच वेळ बघत राहिला. डोळा सरळ होता.

"शिरपती, मी..."

"ऱ्हाऊ द्या." त्यानं पट्टी खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. मग पाय ओढत दाराकडे निघाला.

वनिता गोंधळून त्याच्यामागे वळली. "आप्पा, जायाचं?"

"तू कशाला येतीस? तू हितं शिक. हिच्यासारखं कसब दुसऱ्या कुनाकडं न्हाई." उंबऱ्यात तो थांबला. माझ्याकडे बघितलंही नाही. "पर एक ध्येनात ठेव. हिनं हातात दिल्याली पट्टी आधी ताडून बघायची. रोज."

वनिता सात वर्षं माझ्याकडे होती. हात असा की मी थक्क व्हावं. रोज सकाळी आली की पदर खोचायची, बाक पुसायची, आणि मी दिलेली पट्टी माझ्यासमोरच भिंतीजवळच्या आबांच्या पट्टीला लावून बघायची. शून्याला शून्य, मग फूट, मग दोन फूट. पट्टी खरी निघाली की माझ्याकडे न बघता कामाला लागायची.

मी तिला एकदाही म्हटलं नाही, पुरे आता.